सांगणाऱ्याचे शब्द, लिहिणाऱ्याचा हात : हक्कांच्या लढ्यात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा किंवा शहादा तालुक्यात वनहक्कांच्या कामासाठी येणारी तरुण मुले-मुली पहिल्याच दिवशी कायद्याची कलमे विचारतात. कलमे महिन्याभरात पाठ होतात. सत्य, समता आणि निर्भयता हे शब्द रोजच्या कामात नेमके कुठे पाळायचे हे समजायला मात्र वर्षे लागतात, आणि माझ्या अनुभवाने त्याची सुरुवात जबाब लिहून घेण्याच्या वहीपासून होते.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार वनजमिनीवर हक्क मागणाऱ्या आदिवासी दावेदाराचा त्या जमिनीवरील ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. सरकारी कागदांच्या जोडीला, दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचा लेखी जबाबही नियमांनी पुरावा म्हणून मानला आहे. ज्या घरात कागद कधी आलाच नाही त्या घरासाठी हा फार मोठा आधार आहे, आणि तो जबाब उतरवणारा हात बहुधा कार्यकर्त्याचा असतो. म्हणून सांगणाऱ्याला आधी पूर्ण बोलू द्यावे, मध्येच तोडू नये. पावरी किंवा भिली बोलणाऱ्याला मराठीत उत्तर देण्याची सक्ती करू नये. आपल्याला भाषा येत नसेल तर दाव्यात ज्याचा हितसंबंध नाही असा गावातलाच जाणता माणूस शेजारी बसवावा. साल सांगा असा आग्रह धरू नये, कारण गावातली म्हातारी माणसे काळ मोजतात तो बहात्तरच्या दुष्काळाने, थोरल्या मुलीच्या लग्नाने, बांधावरचे महूचे (मोहाचे) झाड किती जुने आहे त्यावरून. ती खूण तशीच लिहावी. त्यावरून आपण काढलेला सालाचा अंदाज वेगळ्या ओळीत, आपला अंदाज म्हणूनच नोंदवावा. शेवटी सगळे त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे आणि त्यांनी दुरुस्ती सांगितल्यास चुकीच्या शब्दावर एकच रेघ मारून, बाजूला नवा शब्द लिहून तिथे अंगठा किंवा सही घ्यावी.

हे मी स्वतः चूक करूनच शिकलो. एका आजोबांनी शेजाऱ्याच्या शेताबद्दल सांगितले होते की, माझा धाकटा जन्मला त्याच्या आधीपासून हे लोक तिथे ज्वारी पेरतात. दावा भक्कम व्हावा म्हणून मी ‘तीन पिढ्यांपासून’ असे लिहिले आणि वाचून न दाखवताच अंगठा घेतला. स्थळपाहणीच्या दिवशी आजोबा जे खरे तेच पुन्हा बोलले आणि जबाबात विसंगती असल्याची नोंद झाली. त्यांचा धाकटा तेव्हा तिशीचा होता, म्हणजे कायद्याला हवे होते ते त्यांच्या साध्या वाक्यात आधीच होते. तीन पिढ्यांची अट कायद्यात बिगरआदिवासी वननिवासींसाठी आहे, आदिवासी दावेदाराला ती लागूही नाही. माझ्या अतिउत्साहामुळे एका प्रामाणिक माणसाला चारचौघांत खोटे ठरण्याची वेळ आली, याचे मला आजही वाईट वाटते.

धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, शब्दांवर त्यांची विलक्षण हुकमत होती, तरी त्या वहीत त्यांनी स्वतःला मागे ठेवले आणि ते बोलणे विनोबांचेच राहिले. नव्या कार्यकर्त्याला मी हे नेहमी सांगतो, कारण दुसऱ्याचा शब्द जपण्याची शिस्त खान्देशातल्या लढ्याला फार जुनी आहे.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. वर्गणी, टेम्पोचे भाडे, झेरॉक्स, एसटीची तिकिटे यांचा हिशेब त्याच दिवशी लिहावा, त्यावर गावातल्या दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि पुढच्या बैठकीत तो मोठ्याने वाचावा. विश्वास आहे म्हणून हिशेब नको असे गावकरी म्हणाले तरीही वाचावा.

निर्भयतेबाबत मात्र जपून बोलले पाहिजे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि शाळकरी वयाचा शिरीषकुमार मेहता आपल्या साथीदारांसह हुतात्मा झाला. त्या मुलांच्या धैर्यापुढे मान झुकते. पण त्यांचे नाव घेऊन दुसऱ्यांच्या मुलांना पुढे ढकलण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. मोर्चाच्या आदल्या रात्री प्रत्येकाला स्पष्ट सांगावे की गुन्हे दाखल होऊ शकतात, तारखांना जावे लागेल, मजुरी बुडेल. ऐकून कोणी घरी थांबले तर त्याला भित्रा म्हणू नये. जे धोके आपण स्वतः पत्करणार नाही, ते दुसऱ्याला सुचवू नयेत.

समतेची परीक्षा बाहेर कमी आणि घरात जास्त होते. शहादा परिसरात १९७० च्या दशकात जमिनीच्या लढ्यात उतरलेल्या आदिवासी स्त्रियांनी दारूचे मटके फोडले आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला, तेव्हा चळवळीतल्या पुरुषांनाही तो प्रश्न टाळता आला नाही. म्हणून बैठकीची वेळ ठरवताना भाकरी थापणाऱ्या बाईला ती वेळ जमते का हे आधी विचारावे, तिचे मत तिच्या नवऱ्याकडून ऐकून घेऊ नये, आणि ज्या घरचे पाणी पिण्यास गावातले इतर लोक कचरतात त्या घरी आपण मुद्दाम मुक्काम करावा. गावातले दावे तपासणाऱ्या वनहक्क समितीत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. त्या फक्त सहीपुरत्या बोलावल्या जात असतील तर बैठक पुढे ढकलावी, मग उशीर झाला तरी चालेल.

दावा फेटाळला गेला तर ती बातमी फोनवर किंवा निरोप्याहाती कळवू नये. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते, त्यामुळे प्रत हाती येताच स्वतः पाड्यावर जावे. ओट्यावर बसून निर्णय त्यांच्या भाषेत शब्दशः वाचून दाखवावा, कुठे आपली चूक झाली असेल तर तीही सांगावी आणि पुढे लढायचे की नाही हे त्यांना आपसांत ठरवू द्यावे, मग त्यासाठी रात्रभर थांबावे लागले तरी थांबावे.