जीपीएसडीचे सुरक्षा अपडेट करताना या चुका टाळा

जीपीएस रिसीव्हरकडून येणारी माहिती वाचून ती नकाशाच्या, नौकानयनाच्या किंवा घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमना पुरवणारे जीपीएसडी हे सॉफ्टवेअर लिनक्सच्या अनेक यंत्रांवर मुकाट्याने चालत असते, आणि म्हणूनच देखभालीच्या यादीत त्याचे नाव बहुधा शेवटी येते. सीव्हीई-२०१८-१७९३७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटींना दिला जाणारा नोंद-क्रमांक) या त्रुटीने हे दुर्लक्ष किती महाग पडू शकते ते दाखवून दिले. आवृत्ती २.९० ते ३.१७ मध्ये जेसन (माहिती देवाणघेवाणीची एक मजकूर-रचना) मजकूर वाचणारा भाग स्टॅकवरील बफरची, म्हणजे मेमरीत राखून ठेवलेल्या ठरावीक जागेची, मर्यादा ओलांडून लिहू शकत होता. त्यामुळे जीपीएसडी ज्यावर जोडण्या घेते त्या २९४७ या टीसीपी पोर्टवर (नेटवर्कवरील क्रमांकित दारावर) मुद्दाम घडवलेला मजकूर पाठवून, विशेषतः एम्बेडेड उपकरणांवर, हल्लेखोराला स्वतःचा कोड चालवता येण्याचा धोका होता. ३.१८ मध्ये ही त्रुटी दूर झाली. पण दुरुस्ती प्रसिद्ध झाली म्हणजे ती आपल्या यंत्रावर लागू झालीच असे नाही, आणि बहुतेक चुका नेमक्या या मधल्या टप्प्यात होतात.

पहिली चूक म्हणजे केवळ आवृत्तीच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे. डेबियनसारखी वितरणे (लिनक्सचे तयार संच) स्थिर शाखेत सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत. जुन्याच आवृत्तीवर फक्त सुरक्षेचा पॅच (दुरुस्तीचा तुकडा) चढवून पॅकेजच्या क्रमांकाचा शेवटचा भाग वाढवतात. त्यामुळे ३.१७ हा आकडा दिसला म्हणून यंत्र असुरक्षितच आहे असे म्हणता येत नाही. पॅकेजची बदलनोंद उघडून तिच्यात सीव्हीईचा क्रमांक शोधावा, किंवा वितरणाच्या सुरक्षा-नोंदीत आपल्या शाखेची स्थिती पाहावी. मुदत संपलेल्या शाखेवर मात्र ‘सर्व पॅकेजेस अद्ययावत आहेत’ हा संदेश फसवा असतो, कारण तिथे नवे पॅच येणेच थांबलेले असते.

दुसरी चूक अधिक चिवट आहे. पॅकेज बदलले तरी मेमरीत आधीपासून चालू असलेली प्रक्रिया जुनाच कोड चालवत राहते. पॅकेज व्यवस्थापक सहसा सर्व्हिस स्वतः रीस्टार्ट करतो. परंतु कोणी जीपीएसडी हाताने किंवा एखाद्या स्क्रिप्टमधून सुरू केलेले असेल, तर ते त्याच्या नजरेतून सुटते. जीपीएसडीची लायब्ररी वापरणारे इतर प्रोग्रॅमही रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच प्रत धरून बसतात. अपडेटनंतर २९४७ पोर्टवर कोणती प्रक्रिया ऐकत आहे, ती केव्हा सुरू झाली आणि तिची फाइल नेमक्या कोणत्या ठिकाणची आहे, हे तपासण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. पूर्वी कोणी स्रोतावरून संकलित करून ठेवलेली प्रत स्थानिक फोल्डरमध्ये असल्यास वितरणाचे अपडेट तिला स्पर्शही करत नाही. कंटेनरमधील (वेगळ्या बंदिस्त वातावरणात चालणाऱ्या) प्रतीचेही तसेच. तिथे इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, नव्याने बांधावी लागते. वरील त्रुटी मायक्रोजेसन या छोट्या लायब्ररीच्या १.० ते १.३ या आवृत्त्यांतही होती, म्हणून ती ज्यांनी आपल्या प्रकल्पात उचलून घेतली त्यांना जीपीएसडीच्या अपडेटचा काहीच उपयोग नव्हता.

काही वेळा अपडेट नीट होते, पण त्यानंतर स्थान किंवा वेळ मिळेनाशी होते, आणि मग घाईने जुनी आवृत्ती परत बसवली जाते. तसे करू नये. कारण बहुधा किरकोळ असते. अपडेटच्या वेळी कॉन्फिग फाइलबाबत विचारलेल्या प्रश्नाला घाईत ‘नवी फाइल घ्या’ असे उत्तर दिले, तर रिसीव्हरच्या उपकरणाचा मार्ग आणि ‘-एन’ हा लहान अक्षराचा पर्याय दोन्ही पुसले जातात. हा पर्याय नसेल तर एखादा क्लायंट जोडला जाईपर्यंत जीपीएसडी रिसीव्हर उघडतच नाही, आणि नुसती वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरवर असा क्लायंट कधी येतच नाही. क्रोनीला (यंत्राचे घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला) सॉकेटद्वारे, म्हणजे दोन प्रोग्रॅममधील जोडणीच्या दुव्यातून, वेळ दिली जात असेल, तर क्रोनी आधी आणि जीपीएसडी नंतर, हा क्रम पाळावा लागतो. केवळ क्रोनी रीस्टार्ट केले, तरी त्यानंतर जीपीएसडीही रीस्टार्ट करावे.

पॅच लागला म्हणून पोर्ट सर्वांसाठी उघडे ठेवणे ही माझ्या मते सर्वांत अक्षम्य चूक आहे. जीपीएसडीच्या संवादात पासवर्डची सोयच नाही. मूळ मांडणीत ते फक्त त्याच यंत्रावरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारते, पण ‘-जी’ हा मोठ्या अक्षराचा पर्याय दिला की सर्व पत्त्यांवर ऐकू लागते. सिस्टमडी (लिनक्समधील सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) सॉकेट उघडत असल्यास पत्ता सॉकेटच्या फाइलमध्ये ठरतो, म्हणून दोन्ही ठिकाणे पाहावीत. दुसऱ्या यंत्राला माहिती हवीच असेल तर एसएसएचच्या बोगद्यातून, म्हणजे सांकेतिक संरक्षण असलेल्या जोडणीतून, द्यावी.

‘चालते आहे, हात लावू नका’ म्हणून पॅकेज गोठवून ठेवणाऱ्यांनी २०२१ आठवावे. ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांतील आठवडे मोजण्याच्या चुकीमुळे २४ ऑक्टोबर २०२१ रोजी तारीख १०२४ आठवडे मागे, म्हणजे मार्च २००२ मध्ये जाणार होती, ३.२३ मध्ये दुरुस्ती आधीच आली होती. घड्याळ असे मागे गेले की प्रमाणपत्रांची पडताळणी आणि वेळेवर आधारित सांकेतिक क्रमांक दोन्ही कोलमडतात, त्यामुळे हा केवळ तारखेचा दोष म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता.

रिसीव्हरमधील फर्मवेअर मात्र या साऱ्यापासून वेगळे आहे. तिथला दोष वितरणाच्या अपडेटने जात नाही. त्यासाठी उत्पादकाचे फर्मवेअर लागते. तसेच जीपीएसच्या जुन्या नागरी संकेतात सत्यता पडताळण्याची सोय नसल्यामुळे बनावट संकेत पाठवून केलेली फसवणूक जीपीएसडीच्या पॅचने थांबत नाही. महत्त्वाच्या ठिकाणी जीपीएसच्या वेळेसोबत नेटवर्कवरील आणखी काही स्वतंत्र वेळस्रोत क्रोनीला द्यावेत, म्हणजे एक स्रोत भरकटला तरी तो वेगळा ओळखता येतो.