शहराच्या तिजोरीतला पैसा कसा ट्रॅक करायचा: बजेटच्या पहिल्या पानावर थांबू नका

बजेटच्या दुसऱ्या दिवशी पेपरात एक भलामोठा आकडा येतो, इतक्या हजार कोटींचं बजेट, आणि आपण तो वाचून "बापरे" म्हणतो किंवा "जातो कुठे एवढा पैसा" म्हणतो आणि पान उलटतो. खरं सांगायचं तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही. शहराकडे पैसा किती आहे हे विचारण्यापेक्षा तो कुठल्या खिशात आहे आणि त्या खिशात हात कोण घालू शकतं हे विचारायला पाहिजे. शहर कुठलंही घ्या, कायदे वेगळे, खात्यांची नावं वेगळी, पण तिजोरीची रचना बरीचशी सारखीच असते, त्यामुळे एकदा पद्धत लक्षात आली की कुठल्याही शहराची कागदपत्रं वाचता येतात. सीए असायची गरज नाही, बेरीज-वजाबाकी आणि थोडा चिवटपणा पुरतो.

आधी तीन कागद मिळवा

चालू वर्षाचं बजेट, मागच्या दोन-तीन वर्षांचे वार्षिक हिशेब, आणि ऑडिट रिपोर्ट. बजेट सहज सापडतं कारण ते मिरवायचं असतं, बाकीचे दोन वेबसाइटवर कुठेतरी तळाला स्कॅन करून तिरके टाकलेले असतात. नाहीच सापडले तर अर्ज करा, माहिती मागायचा कायदा आज शंभराहून जास्त देशांत आहे. आणि हो, आर्थिक वर्ष कधी सुरू होतं ते आधी बघा. न्यूयॉर्कचं १ जुलैला सुरू होतं, भारतातल्या शहरांचं १ एप्रिलला, कित्येक देशांत सरळ १ जानेवारीला. मी सुरुवातीला हे न बघताच दोन शहरांची तुलना करत बसलो होतो आणि आकडे का जुळत नाहीत म्हणून अख्खा रविवार घालवला.

मग खिसे वेगळे करा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक लोक नेमकी हीच गाळतात. शहराचा पैसा म्हणजे एक मोठी पेटी नसते, वेगवेगळ्या निधींची पाकिटं असतात. एक सर्वसाधारण निधी, ज्यात कर-बिर जमा होतात आणि ज्यातून पगार, साफसफाई, दिवाबत्ती चालते. पाणी आणि ड्रेनेजचं खातं बऱ्याच ठिकाणी वेगळं, कारण लोक जी पाणीपट्टी भरतात ती पाण्यावरच खर्च व्हावी अशी अपेक्षा असते. वरच्या सरकारकडून आलेली अनुदानं वेगळी, ती ज्या कामासाठी आली त्याच कामाला. कर्जाची परतफेड वेगळी. आणि काही पैसा तर शहराचा नसतोच, म्हणजे ठेकेदारांची अनामत, कर्मचाऱ्यांचा पेन्शन फंड, शहर फक्त सांभाळतंय.

आता एक उदाहरण घ्या. समजा बँकेत १०० कोटी आहेत. त्यातले ४० पाणीपुरवठ्याचे, २५ एका योजनेच्या अनुदानाचे, १५ अनामत रकमा. उरले २०. आणि महिन्याचा पगारच १२ कोटींचा आहे. म्हणजे "शंभर कोटी पडून आहेत तरी रस्ता करत नाहीत" असं कोणी ओरडत असेल तर त्याचं अर्धंच खरं, आणि अधिकारी "पैसेच नाहीत" म्हणत असेल तर त्याचंही अर्धंच खरं. दोघांनाही विचारायचं, कुठल्या निधीत किती?

इथेच एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर हा प्रकार चालतो. सर्वसाधारण निधीत खडखडाट झाला की पाण्याच्या निधीतून "तात्पुरतं" उचलतात. दोन महिन्यांत परत केलं तर फारसं काही बिघडत नाही, कर वसुली वर्षभर सारखी येत नाही हे मान्य. पण वार्षिक हिशेबात "अंतर्गत कर्ज" किंवा "इतर निधीकडून येणे" अशी ओळ शोधा आणि ती तीन वर्षं लागोपाठ वाढत गेलेली दिसली तर समजून जा की ते कर्ज नाही, ते पैसे गेले.

महसुली कुठलं, भांडवली कुठलं

रोजचा खर्च म्हणजे महसुली, आणि वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू बांधायचा खर्च म्हणजे भांडवली. पूल बांधायला कर्ज काढलं तर ठीक आहे, कारण पूल तीस-चाळीस वर्षं वापरणार. पगार द्यायला कर्ज काढलं तर पगार पुढच्या महिन्यात पुन्हा द्यायचाच आहे आणि कर्ज डोक्यावर तसंच.

न्यूयॉर्कने नेमकं हेच केलं होतं. रोजच्या खर्चातल्या बऱ्याच गोष्टी भांडवली बजेटमध्ये टाकायच्या, पुढे येणार आहे असं गृहीत धरलेल्या उत्पन्नावर अल्प मुदतीची कर्जं काढायची, ते उत्पन्न आलं नाही की जुनं फेडायला नवीन काढायचं. कागदावर दरवर्षी बजेट जुळत होतं बरं का. १९७५ मध्ये बँकांनी हात वर केले आणि शहर दिवाळखोरीच्या दारात जाऊन उभं राहिलं, शेवटी राज्याने त्याच वर्षी एक वेगळं महामंडळ आणि एक नियंत्रण मंडळ नेमून शहराच्या पैशाच्या चाव्या हातात घेतल्या. म्हणून तुमच्या शहराच्या बजेटमध्ये एकच गोष्ट तपासा: महसुली जमेतून महसुली खर्च भागतोय का? नसेल भागत तर बाकीची चकचकीत पानं नंतर वाचली तरी चालतील.

अंदाज सोडा, प्रत्यक्ष बघा

प्रत्येक ओळीला तीन आकडे असतात: मूळ अंदाज, वर्षाच्या मध्ये केलेला सुधारित अंदाज आणि वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष झालेलं. पहिला भाषणासाठी असतो आणि तिसरा खरा, जो यायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि तोवर कोणाला आठवतही नाही. मी एकदा एका शहराची चार वर्षांची बजेटं शेजारी शेजारी उघडून बसलो होतो, एका उड्डाणपुलाचं नाव चारही वर्षांत होतं, रक्कम दरवर्षी थोडी वाढलेली आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात चारही वेळा शून्य. चार बजेट भाषणांमध्ये तो पूल झाला होता.

जमेच्या बाजूला तर अजून गंमत असते. खर्च जास्त दाखवायचा तर जमा पण जास्त दाखवावी लागते, मग "थकबाकी वसुली" किंवा "जमीन विक्री" अशा ओळी फुगवतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण बजेटमध्ये येतं. मागच्या तीन वर्षांत त्या ओळीत प्रत्यक्ष किती आले ते काढा आणि यंदाच्या अंदाजाशेजारी लिहा, बस, अर्धं बजेट तिथेच उघडं पडतं. आणखी एक, आरंभीची शिल्लक. मागच्या वर्षी न वापरलेला पैसा यंदाच्या जमेत धरलेला असतो, त्यामुळे "बजेट वाढलं" या बातमीतला काही भाग म्हणजे मागच्या वर्षी कामं झालीच नाहीत, इतकाच असू शकतो.

एका बिलाचा पाठलाग करा

सगळं समजून घ्यायच्या नादात काहीच समजत नाही, त्यापेक्षा एक काम निवडा. समजा एका रस्त्याचं काम, ५ कोटी. वर्क ऑर्डर निघाली त्या दिवशी एकही पैसा बाहेर गेलेला नसतो, पण ते ५ कोटी आता दुसऱ्या कोणाला देता येत नाहीत, ते त्या हेडमध्ये, म्हणजे बजेटमधल्या त्या खर्चाच्या सदरात, बांधून ठेवायला पाहिजेत. जी शहरं ही नोंद त्याच दिवशी करत नाहीत त्यांना वाटतं हेडमध्ये अजून शिल्लक आहे, मग त्याच पैशावर दुसरी ऑर्डर निघते, आणि वर्षाअखेर दोन ठेकेदार एकाच पैशासाठी दारात.

पुढे इंजिनिअर जागेवर जाऊन मोजतो आणि लांबी, रुंदी, जाडी मोजमाप पुस्तकात लिहितो. मग ठेकेदाराचं बिल येतं. लेखा विभागाने तीन कागद शेजारी ठेवून बघायचे: ऑर्डरमध्ये काय मागवलं, मोजमापात काय सापडलं, बिलात काय मागितलं. तिन्ही जुळलं तर कर आणि अनामत कापून पेमेंट. ऐकायला किरकोळ वाटतं पण शहराचा बराच पैसा याच टेबलावर वाचतो किंवा जातो. ऑर्डरमध्ये १५ सेंटीमीटर जाडी, बिलात पण १५, आणि मोजमाप पुस्तकात खाडाखोड करून १५, असं दिसलं तर तिथे थांबा. आणि सह्या बघा. काम मागणारा, मोजणारा, बिल पास करणारा आणि चेक काढणारा ही चार वेगळी माणसं पाहिजेत.

बिल येऊन पडलंय पण दिलं नाही, त्याचं काय? नुसत्या रोखीवर हिशेब ठेवणाऱ्या शहरात ते दिसतच नाही, वर्षाचे शेवटचे दोन महिने बिलं दाबून ठेवली की शिल्लक मस्त दिसते. देणं झालं त्या दिवशीच नोंद करायची, पैसे कधीही जावोत, ही पद्धत म्हणून बरी, आणि तिच्या जोडीला लागणारी दुहेरी नोंद, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंना लिहिणं, तर काही नवीन नाही, इटलीतल्या जेनोवाच्या नगर खजिनदारांच्या १३४० सालच्या वह्या तशाच लिहिलेल्या आहेत. तरी पण नोंद पद्धत कितीही चांगली असू दे, साचत गेलेलं देणं एक दिवस अंगावर येतंच. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं की आता अत्यावश्यक सोडून नवीन खर्च बंद, कारण महिला कर्मचाऱ्यांना समान वेतनापोटी द्यायची जुनी रक्कम कोट्यवधी पौंडांवर गेली होती, आणि त्यात हिशेबाचं नवीन सॉफ्टवेअर धड चालत नव्हतं.

बँकेचं स्टेटमेंट कोण उघडतं?

आता मला सगळ्यात आवडणारी, म्हणजे आवडणारी कसली, झोप उडवणारी गोष्ट. अमेरिकेत इलिनॉय राज्यात डिक्सन नावाचं साधारण १६,००० वस्तीचं गाव आहे. तिथे एक हिशेब अधिकारी बाई होत्या, सगळ्यांच्या विश्वासातल्या. डिसेंबर १९९० मध्ये त्यांनी शहराच्या नावाने एक जादा बँक खातं उघडलं, नाव असं दिलं की ड्रेनेजच्या भांडवली राखीव निधीचं वाटावं. शहराच्या खऱ्या खात्यांमधून पैसे त्यात वळवायचे, ऑडिटरला दाखवायला राज्य सरकारची खोटी बिलं तयार करायची, आणि त्या खात्यातून स्वतःचा खर्च, ज्यात शर्यतीचे नाहीत पण प्रदर्शनाचे महागडे घोडे पाळायचा शौक होता. गावाला पैसा कमी पडायचा, कामं पुढे ढकलायची, आणि याच बाई सांगायच्या की राज्याकडून पैसे उशिरा येतात म्हणून असं होतंय.

वीस वर्षं! एकूण ५ कोटी ३० लाख डॉलरच्या वर. दरवर्षी ऑडिट होत होतं बरं का. सापडलं कसं, तर २०११ मध्ये त्या मोठ्या रजेवर होत्या आणि त्यांचं काम बघणाऱ्या दुसऱ्या एका कर्मचारी महिलेने बँकेकडून सगळ्याच खात्यांची स्टेटमेंट मागवली. त्यात एक खातं असं निघालं जे तिने कधी ऐकलंच नव्हतं. महापौरांनी एफबीआयला कळवलं, एप्रिल २०१२ मध्ये अटक, पुढच्या वर्षी एकोणीस वर्षं सात महिन्यांची शिक्षा. नंतर ऑडिटर फर्म आणि बँक यांच्याकडून शहराला ४ कोटी डॉलर मिळाले.

मोठं तंत्रज्ञान लागलं नाही हो, एक पाकीट दुसऱ्या माणसाने उघडलं एवढंच. म्हणून ही पायरी कधी सोडू नका: दर महिन्याला कॅशबुक आणि बँक स्टेटमेंट यांचा ताळमेळ होतो का, आणि तो कॅशबुक लिहिणारा माणूस सोडून दुसरा कोणी करतो का. फरक असतोच, चेक वटायला वेळ लागतो वगैरे, पण प्रत्येक फरकाला तारीख आणि कारण पाहिजे. "जुना फरक" असं लिहून पुढे ओढत नेलेली रक्कम आणि उचंत खात्यात, म्हणजे कुठल्या सदरात टाकायचं ते न ठरलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, वर्षानुवर्षं पडलेली रक्कम, दोन्हींवर लाल पेन फिरवा.

पडून असलेला पैसा

थोडक्यात सांगतो. आज न लागणारा पैसा शहर कुठेतरी गुंतवतं. क्रम ठरलेला आहे: आधी मुद्दल सुरक्षित, मग हवा तेव्हा हातात येणारा, आणि व्याज सगळ्यात शेवटी. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीच्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी) खजिनदाराने हा क्रम उलटा केला, वर कर्ज काढून व्याजदरांवर डाव लावला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये सुमारे १६० कोटी डॉलरच्या तोट्यासकट काउंटीने दिवाळखोरी जाहीर केली. त्यात आजूबाजूच्या शहरांचा आणि शाळांचाही पैसा होता. तुमच्या शहराला इतरांपेक्षा फारच जास्त व्याज मिळत असेल तर कौतुक नंतर, आधी कुठे ठेवलेत ते विचारा.

ऑडिट रिपोर्ट मागून वाचा

खरंच मागून. पुढे ऑडिटरचं मत असतं, ते स्वच्छ आहे की "अमुक सोडून बाकी बरोबर" असं आहे एवढं बघायचं, आणि "मत देता येत नाही" असं असेल तर ती मोठी बातमी आहे. पण माल शेवटच्या पानांवर असतो, आक्षेपांच्या यादीत. प्रत्येक आक्षेपापुढे प्रशासनाचं उत्तर असतं, "नोंद घेतली", "कार्यवाही सुरू आहे" वगैरे. मागच्या वर्षीचा रिपोर्ट शेजारी ठेवा आणि कुठले आक्षेप शब्दाला शब्द तेच आहेत ते खूण करा. तेवढेच घेऊन नगरसेवकाकडे जा, आणि बजेट मंजूर व्हायच्या आधी जा, नंतर म्हणजे वरातीमागून घोडं. सगळ्या रिपोर्टवर बोलायला गेलात तर चहा पाजून परत पाठवतील.

आणि कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर एक ओळीचा अर्ज टाका: मागच्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी शहराच्या नावाने एकूण किती बँक खाती होती, प्रत्येकात किती शिल्लक होती आणि शेवटचा ताळमेळ कोणत्या तारखेला कोणी केला. उत्तर आठवड्यात आलं तर छान. दोन विभागांकडून खात्यांचे दोन वेगळे आकडे आले, तर पुढचा अर्ज कशाबद्दल टाकायचा ते मला सांगावं लागणार नाही.