क्यूआर लेकाच्या नावाचा, कर्ज मात्र आईला: या चुका टाळा

शेंगा चटणी, कडक भाकरी, टॉवेलची शिलाई, शाळेचे गणवेश. सोलापुरात हे धंदे घरातूनच चालतात आणि बायकाच चालवतात. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्याला तारण लागत नाही. तरीही अर्ज परत येतात, आणि कारणं तीच ती.

सगळ्यात आधी स्टॉलवर चिकटवलेला क्यूआर कोड कोणाच्या नावाचा आहे ते बघा. चटणी कुटायची आईने आणि पैसे जायचे लेकाच्या खात्यात, का तर ‘ॲप त्याच्या मोबाईलवर आहे’. गड्ड्याच्या यात्रेत हात दुखेपर्यंत पुड्या विकल्या, तरी आईच्या पासबुकात त्यातला एक रुपया उमटत नाही. मग बँक सहा महिन्यांचं स्टेटमेंट मागते. त्यात लाडकी बहीणचे १५०० आणि एटीएममधून काढलेले पैसे, एवढंच. धंदा आहे हे मॅनेजरने कशावरून मानायचं?

धंद्याचं खातं वेगळं आणि स्वतःच्या नावाचं ठेवा. त्याला स्वतःच्याच सिमकार्डचा नंबर जोडा आणि स्टॉलवर त्याच खात्याचा क्यूआर लावा. रोख जमा होते ती आठवड्याचा एक वार ठरवून भरा. घरखर्चासाठी महिन्याला एक ठरलेली रक्कम काढा, भाजी आणायला रोज दोनशे नकोत. असं सहा महिने करा, मग अर्ज द्या. ‘सहा महिने कोण थांबतं?’ हा प्रश्न हमखास येतो. जी थांबत नाही ती त्याच आठवड्यात बायकांचा गट करून देतात त्या मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गटाच्या कर्जावर सही करते, आणि तिथून पुढचं दुखणं सुरू होतं.

ते दुखणं म्हणजे ‘हप्ता किती?’ एवढंच विचारणं. व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हे कोणी विचारत नाही. ५० हजार, २४ महिने, १२ टक्के धरा. फ्लॅट पद्धतीत वर्षाला ६ हजार, म्हणजे दोन वर्षांचं व्याज १२ हजार आणि हप्ता २,५८३ रुपये. घटत्या शिलकीवर त्याच १२ टक्क्यांना हप्ता पडतो २,३५४ आणि एकूण व्याज साधारण ६,५००. दोन्ही ठिकाणी तोंडाने ‘बारा टक्के’च सांगतात. फ्लॅटमध्ये मुद्दल फिटत जातं तरी व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या पन्नास हजारांवरच लागत राहतं, म्हणून तो दर खरा बघितला तर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. प्रोसेसिंग फी आणि विमा आधीच कापून घेतला तर त्याहूनही वर. सहीआधी केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट, कर्जाची सगळी माहिती एका जागी) नावाचा कागद मागा. तो देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय. त्यात एपीआर, म्हणजे व्याज आणि फी सगळं धरून वर्षाचा खरा दर, लिहिलेला असतो. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवून बघा, हप्ते नव्हे. कागद ‘नंतर देतो’ म्हणाले तर सहीसुद्धा नंतर.

आता ज्या चुकीला माफी नाही ती. पूर्व भागात टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या एका ताईंनी शेजारणीसाठी स्वतःच्या नावावर गटाचं ४० हजारांचं कर्ज काढलं. ‘अक्का, माझं एक आधीच चालू आहे, तुमच्या नावावर काढून द्या, हप्ता मी भरते.’ चौदा हप्ते आले. मग शेजारीण घर बदलून गेली. वसुलीवाला दारात यायला लागला, तेव्हा भावाने मध्ये पडून थोडे पैसे भरले आणि ‘मिटवून’ टाकलं. तीन वर्षांनी ताई ओव्हरलॉक मशिनसाठी बँकेत गेल्या. खातं चोख, कोटेशन चोख, कागद सगळे जागेवर. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीच्या नोंदीत, मात्र त्या कर्जापुढे ‘सेटल्ड’. ‘सेटल्ड’ म्हणजे फिटलं नव्हे. सावकाराने उरलेल्या पैशांवर पाणी सोडलं, असा त्याचा अर्थ, आणि बँक नेमकी तिथेच थांबते.

यावर उपाय एकच आणि तो कंटाळवाणा. उरलेली रक्कम विचारून पूर्ण भरा, नो ड्यूजचं पत्र घ्या आणि नोंद ‘क्लोज्ड’ करायला लेखी सांगा. नोंद चुकीची असेल तर हा रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडे तक्रार करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. चारही ब्युरो वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट देतात. अर्जाच्या निदान दोन महिने आधी तो काढा. ‘शेजारधर्म’ पाळायचाच असेल तर हातउसने द्या, नाव देऊ नका.

‘बसतील तेवढे द्या’ असं सांगून कोणी कर्ज देत नाही. चटणीला रोज दीड हजाराचा माल लागतो, दहा दिवसांचा साठा राहतो आणि दुकानदार तीस दिवसांनी पैसे देतो, म्हणजे चाळीस दिवसांचे ६० हजार अडकले. शेंगदाणेवाला सात दिवस उधार देतो, ते साडेदहा हजार वजा केले की उरले ४९,५००. हा हिशोब एका कागदावर लिहून न्या. शिशू गटात बसतो.

आधारवर सासरचं नाव, पॅनवर माहेरचं, पासबुकात आडनाव आधी. हे अर्जाआधी सरळ करा, नंतर नाही.

उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट आहे. पाचशे-हजार मागणारा सरकारी माणूस नाही. मुद्राला एजंटही नसतो.

एका आठवड्यात चार ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी रिपोर्टवर दिसते.

कोऱ्या फॉर्मवर सही? नाही.

पतसंस्थेत ठेव ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्या: नागरी सहकारी बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा संस्थेचं ५ लाखांपर्यंतचं विमासंरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला नसतं. धंद्याचं भांडवल तिथे किंवा भिशीत अडकवून वर बाहेरून कर्ज काढणं हा उफराटा कारभार आहे.

गणवेशवाल्यांचं वेगळं. त्या एप्रिलमध्ये धावत येतात, आणि कापड तर मार्चमध्येच घ्यायचं असतं. मार्चअखेरीला बँकेत कोणाला मान वर करायला वेळ नसतो, म्हणून अर्ज डिसेंबर-जानेवारीत द्या. मशिनसाठी टर्म लोन (ठरलेल्या मुदतीत हप्त्याने फेडायचं कर्ज) आणि कापडासाठी कॅश क्रेडिट (लागेल तसं काढायचं, आलं की भरायचं) असं वेगळं मागा. कॅश क्रेडिटमध्ये वापराल तेवढ्यावरच व्याज लागतं. शाळांचे पैसे जुलैत हातात पडतात आणि गटाचा हप्ता दर आठवड्याला दारात येतो, हे गणित जमत नाही. गटाचं कर्ज आधीच असेल तर जुलैचे पैसे आले की ते मुदतीआधीच फेडून टाका. मायक्रोफायनान्सच्या कर्जाला त्यासाठी दंड लावता येत नाही. कोणी लावलाच तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करा, आणि ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. चौकशीचा नंबर १४४४८.