मराठी शोधात स्टार आणि ऑर: या चुका टाळा

एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस५ मध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या सोयीत, शोध बसवणाऱ्या नव्या पोरांना टेबल आधी हवं असतं, वाचन नंतर. मग फोन येतो, "दादा, स्टार लावला तरी चुकीचंच येतंय."

शाहूपुरीतल्या एका अडत्याच्या जुन्या नोंदींवर असंच झालं. पोरानं गूळ* (म्हणजे ‘गूळ’नं सुरू होणारं सगळं) शोधलं, तर गाळप, गाळाभाडं, गोळाबेरीज, सगळी वरात हजर. पठ्ठ्यानं टेबलाकडे बघायचं सोडून ‘गाळा नको’ म्हणून वगळायचा नॉट लावला. झालं, गूळच गायब. उरलं ते गाळप!

दोष स्टारचा नव्हता. यूनिकोड६१ हा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, मुळात अक्षरं आणि अंकच शब्दात धरतो. काना, वेलांटी, उकार दिसला की तिथंच शब्द तोडतो. त्याच्या लेखी गूळ म्हणजे ग आणि ळ, गाळा म्हणजेही ग आणि ळ. त्यामुळे टेबल बनवतानाच एल, एन, सीओ या यूनिकोडच्या मूळ वर्गांना काना-वेलांटी-उकारांचे एमएन आणि एमसी हे वर्ग जोडायचे. आधीच बनवलं असेल तर नव्यानं बांधायचं. नॉटची ठिगळं लावून हे सुटत नाही, कितीही घाई असू दे.

एवढं केलं की पुढची गंमत. आता ऊस* ला ‘उसाचा दर’ सापडत नाही, कारण विभक्ती लागली की दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. उस* लिहिलं तर उसळ आणि उसनवारीही येते. मी ‘ऊस ऑर उसा*’ असं लिहितो, म्हणजे दोन्हींपैकी काहीही चालतं. मधूनच एखादा उसासा येतो, येऊ दे.

स्टार शेवटीच लागतो. *वाडी लिहून नृसिंहवाडी मिळत नाही, एरर मिळतो. अवतरणचिन्हांच्या आतला स्टार तर मुकाट टाकून दिला जातो.

ऑर रोमन कॅपिटलमध्येच हवा. लहान रोमन अक्षरांत लिहिलात तर तोही शोधायचा शब्द ठरतो आणि निकाल शून्य.

आणि कंस! ‘गूळ ऑर काकवी अँड शाहूपुरी’ यात अँड आधी बांधला जातो. म्हणजे काकवी शाहूपुरीची, गूळ मात्र गडहिंग्लजचाही चालतो. ‘(गूळ ऑर काकवी) अँड शाहूपुरी’ असं लिहा. मी तर एकटा ऑर असला तरी कंस घालतो. उद्या त्याच ओळीत कुणीतरी अँड घुसडणारच असतो.