नवी बॅटरी घ्यायच्या आधी मीटर लावा भावांनो

सकाळी सेल्फ मारला आणि नुसतं टक टक झालं की आपण काय करतो, शेजारच्या दोन पोरांना हाक मारून धक्का मारतो आणि तसंच बॅटरीच्या दुकानात जातो. मी पण तेच केलं, नवी बॅटरी टाकली आणि तीन आठवड्यांत पन्हाळ्याहून उतरताना वाघबीळजवळ डॅशवर बॅटरीचा लाल दिवा लागला, पाऊस धो धो, वायपर रडत रडत फिरतायत, हेडलाईट पिवळे. बॅटरी बिचारी चांगलीच होती, तिला खायलाच मिळत नव्हतं, म्हणजे चार्जिंगच होत नव्हतं.

तर एक साधं डिजिटल मीटर (मल्टिमीटर) घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं तर ती फुल आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे बसलेली, ती आधी चार्ज करून घ्या नाहीतर पुढचं रीडिंग फसवतं.

आता गाडी चालू करा आणि बॅटरीवरच परत मोजा. १३.८ ते १४.५ आलं तर डायनामो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर हो, आपल्याकडं अजून डायनामोच म्हणतात) काम करतोय. पण एवढ्यावर खूश होऊ नका, हेडलाईट, एसी, ब्लोअर सगळं लावा आणि रेस थोडी वाढवून परत बघा, १३ च्या खाली घसरलं तर गडबड आहे. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (डायनामोचं व्होल्टेज आवरणारा) गेला, तो बॅटरी उकळून टाकेल. नव्या गाड्यांत ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) व्होल्टेज स्वतःच कमी-जास्त करतो, म्हणून तिथं लाईट लावूनच मोजा.

चार्जिंग येत नसेल तर आधी गाडी बंद करून डायनामोचा बेल्ट बघा, सैल किंवा चकाकत असेल तर तो घसरतोय, पावसात चीं आवाज येतो तो हाच. मग इग्निशन ऑन करून लाल दिवा लागतो का बघा, इंजिन बंद असताना तो लागायलाच पाहिजे, नसेल लागत तर बऱ्याच गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंटच मिळत नसतो.

आणि हे लय जण सोडून देतात. गाडी चालू, लाईट लावलेले, मीटरची एक वायर डायनामोच्या मागच्या जाड बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर मधली वायर, नट किंवा फ्युज खराब. तसंच डायनामोची बॉडी आणि बॅटरीचं मायनस, तिथं ०.२ च्या वर म्हणजे अर्थिंग खराब. हात, बाही फॅनपासून लांब ठेवा. आणि चालू गाडीची बॅटरीची वायर काढून टेस्ट करणारा कोणी भेटला तर त्याला हात लावू देऊ नका, जुन्या जीपमध्ये चालायचं ते, आता ईसीयू उडेल.

सगळं बरोबर असूनही चार्जिंग नसेल तर डायनामोच्या आतले कार्बन (ब्रश) झिजलेत नाहीतर रेग्युलेटर, डायोड. कोल्हापुरात उद्यमनगरात डायनामो खोलून घ्या, पण कार्बन काढून दाखव म्हणा, लगेच पूर्ण नवा घ्यायला तयार होऊ नका.

माझ्या गाडीत निघाला तो फक्त डायनामोच्या मागचा ढिला नट, हिरवा पडलेला. बॅटरीचं मायनस काढून, नट घासून, पाना मारला, दहा मिनिटांत १४.२. जुनी बॅटरी मात्र तोपर्यंत एक्स्चेंजमध्ये देऊन बसलो होतो.