पाळी जाण्याच्या काळात एमएस: कोणता त्रास कशाचा, हे कसे ओळखावे

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असलेल्या स्त्रीची पाळी मागेपुढे होऊ लागली की प्रत्येक नव्या तक्रारीसोबत घरात एकच प्रश्न उभा राहतो: हे आजाराचे की वयाचे? माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत आम्ही सांगलीत जवळजवळ दोन वर्षे या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देत राहिलो आणि त्यात तिचे हाल झाले. पुढे जी पद्धत उपयोगी पडली, ती येथे मांडत आहे.

घोळ होण्याचे कारण साधे आहे. थकवा, झोपमोड, विसरायला होणे, चिडचिड आणि लघवीची घाई या तक्रारी एमएसमध्ये असतात, तशाच रजोनिवृत्तीतही असतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणालाच इजा करते. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत दोन ते तीन पट अधिक आढळतो आणि बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो. त्यामुळे पाळी जाईपर्यंत अनेकींनी त्याच्यासोबत दहा-वीस वर्षे काढलेली असतात.

पहिले काम म्हणजे नोंद ठेवणे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेच्या चौकटीत पाळी, अंगातून निघणाऱ्या गरम वाफा, रात्रीची झोप, ताप आणि पायांची ताकद एवढेच लिहावे. मात्र त्रास किती वाजता सुरू झाला आणि किती वाजता ओसरला, हे न चुकता लिहावे. एप्रिलमधल्या एका दुपारी ताई गॅससमोर भाकरी थापत असताना तिच्या मानेवरून घामाची धार लागली, डोळ्यांपुढे धूसर झाले आणि पाय जड पडले. आम्ही घाबरून मिरजेला निघण्याच्या बेतात होतो. पण मानेवर ओला पंचा ठेवून ती अर्धा तास पंख्याखाली बसली आणि नजर पूर्ववत झाली. शरीराचे तापमान थोडे वाढले तरी इजा झालेल्या तंतूंमधून संदेश नीट जात नाहीत. १८९० साली विल्हेल्म उठॉफ यांनी हे वर्णन केले, म्हणून त्यास उठॉफची घटना म्हणतात. यात नवी इजा होत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे आता स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकतो.

याउलट, नवी तक्रार २४ तासांहून अधिक टिकली, ताप किंवा संसर्ग नसला आणि आधीच्या रिलॅप्सला, म्हणजे आजाराच्या झटक्याला, महिना उलटला असला, तर तो नवा रिलॅप्स समजून न्यूरोलॉजिस्टना त्याच दिवशी कळवावे. त्याआधी लघवीची तपासणी मात्र जरूर करून घ्यावी. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने पाळी गेल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग वारंवार होऊ शकतो, आणि असा संसर्ग एमएसची जुनी लक्षणे उफाळून आणतो. ताई रात्री पाच-पाच वेळा उठत होती, ते आम्ही वयावर ढकलले. प्रत्यक्षात तो संसर्ग होता. अशा वेळी योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमविषयी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे.

पाळी गेल्यावर आजार बळावतोच का, या प्रश्नावर संशोधकांचे एकमत नाही. संप्रेरकांचा एमएसशी संबंध आहे, हे गरोदरपणात दिसते: शेवटच्या तिमाहीत रिलॅप्स कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. वय वाढते तसे रिलॅप्स साधारणतः विरळ होतात, पण चालण्याची क्षमता हळूहळू घटू शकते, आणि त्यात वयाचा वाटा किती व रजोनिवृत्तीचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते. म्हणून घरातच एक मोजमाप ठेवावे. आम्ही अंगणात २५ फुटांवर खडूची रेघ मारली आहे आणि महिन्यातून एकदा, सकाळच्या गारव्यात, ताईला तेवढे अंतर चालायला किती सेकंद लागतात ते लिहितो.

संप्रेरक उपचार एमएस आहे म्हणून वर्ज्य नाहीत. मात्र स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असल्यास ते सहसा टाळतात, आणि चालणे फार कमी झाले असेल तर गुठळीचा धोका मुळातच वाढलेला असल्याने गोळीऐवजी त्वचेवरच्या पट्टीचा विचार होतो. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर अंडाशय ठेवणार की काढणार हे आधी स्पष्ट विचारावे, कारण अंडाशय काढल्यास रजोनिवृत्ती एकाएकी येते. एमएसचे औषध स्वतःहून बंद करू नये.

हाडांकडे आपल्याकडे फार उशिरा लक्ष जाते, याचे मला वाईट वाटते. स्टेरॉइडचे पूर्वीचे कोर्स, कमी हालचाल आणि घटलेले इस्ट्रोजेन ही तिन्ही कारणे हाडे ठिसूळ करतात, आणि तोल जाणाऱ्या व्यक्तीचे एक पडणेही महागात पडते. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि ड जीवनसत्त्वाची पातळी याबद्दल स्वतःहून विचारावे, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घ्यावी. न्यूरोलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांपुढेही तेच कॅलेंडर ठेवावे. ताई पाने फाडत नाही, पूर्ण वर्षच पिशवीत घालून नेते.