अमेरिकेत मेडिकलला अप्लाय करताय आणि जीपीए (कॉलेजच्या ग्रेडची 4 पैकी सरासरी) दरवर्षी खाली गेलाय?

एकूण 3.5 आहे ना, मग चालून जाईल असं धरून बसू नका. एएमसीएएसच्या, म्हणजे तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या कॉमन अर्जात जीपीए वर्षावार दिसतो, फ्रेशमन (पहिलं वर्ष) 3.9, सोफोमोर (दुसरं) 3.5, ज्युनियर (तिसरं) 3.1 असं ओळीने, आणि बायो-केमिस्ट्री-फिजिक्स-मॅथचा परत वेगळा, त्यामुळे घसरण लपत नाही. 3.1 वरून 3.9 वर गेलेल्याची सरासरी तीच येते पण अ‍ॅडमिशन कमिटी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

म्हणून माझं स्पष्ट मत, घाईने अप्लाय करू नका. आधी घसरण का झाली ते शोधा (जॉबचे तास, तब्येत, एकाच सेमिस्टरला तीन लॅब), ते कारण दूर करा आणि मगच बायोकेम, फिजिऑलॉजीसारखे वरच्या लेव्हलचे कोर्स घेऊन सलग ए आणा. पोस्ट-बॅकचे (डिग्रीनंतर घेतलेले) अंडरग्रॅड कोर्स अंडरग्रॅड जीपीएतच धरतात, मास्टर्सचे मार्क मात्र वेगळे दाखवतात, तेव्हा फी भरायच्या आधी हे नीट बघा. कोर्स रिपीट केला तरी जुनी ग्रेड पुसली जात नाही, दोन्ही मोजतात. एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) चांगली हवीच पण तिच्या एकटीच्या जिवावर हे भरून निघेल असं समजू नका.

कारण सांगायचं ते सेकंडरीत (प्रत्येक कॉलेज नंतर वेगळा मागवतं त्या अर्जात) दोन-तीन वाक्यांत, रडगाणं नको, पुढे काय बदललं ते लिहा. पर्सनल स्टेटमेंटची 5300 कॅरेक्टर्स त्यात घालवू नका. आणि आईबाबांनो, गॅप इयर म्हणजे वर्ष वाया असं मुलांना प्लीज ऐकवू नका, तिथे कितीतरी मुलं गॅप घेऊनच मेडिकलला जातात.